भिंत फोडायला किती फेऱ्या?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून काल्पनिक साहसे खेळण्याच्या खेळाच्या आमच्या गटात डंजन मास्टरचे, म्हणजे गोष्ट पुढे नेण्याचे आणि नियमांचा निवाडा करण्याचे, काम माझ्याकडे असते. एका बैठकीत कुलूपबंद दारासमोर अर्धा तास डोकेफोड झाल्यावर, ड्वॉर्फचे, म्हणजे बुटक्या योद्ध्याचे, पात्र खेळणाऱ्या मित्राने शांतपणे विचारले, "दार राहू दे, शेजारची भिंत फोडली तर?" माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी चहाची सुट्टी जाहीर केली आणि पुस्तके उघडली.

आम्ही खेळाच्या नियमांची पाचवी आवृत्ती खेळतो. २०१४ च्या 'डंजन मास्टर्स गाईड'मध्ये दगडाचा आर्मर क्लास (घाव लागायला किमान किती आकडा हवा तो) १७ दिला आहे आणि मोठ्या, दणकट वस्तूला सरासरी २७ हिट पॉइंट्स (किती नुकसान सोसल्यावर ती मोडते तो आकडा). त्याहून मोठी वस्तू असेल तर तिचे भाग पाडून प्रत्येक भाग वेगळा मोजायचा. ड्वॉर्फचा वॉरहॅमर, म्हणजे लढाईचा हातोडा, आठ बाजूंच्या फाशावर अधिक ३ इतके नुकसान करतो आणि त्याचे निम्म्याहून थोडे कमी घाव लागतात. म्हणजे एक भाग सात-आठ फेऱ्यांत, पाऊण मिनिटात, जमीनदोस्त! इतक्या वेळात आमच्याकडे भिंतीत खिळाही नीट बसत नाही. किल्ल्याच्या तटासारख्या वस्तूंना ठरावीक मर्यादेखालचे नुकसान लागूच होत नाही, असाही नियम तेथे आहे, पण तो आकडा किती ठेवायचा हे माझ्यावरच सोडलेले.

शेवटी मी २००३ च्या साडेतीन आवृत्तीकडे वळलो. तिच्यात एक फूट जाडीच्या बांधीव भिंतीला ९० हिट पॉइंट्स आहेत आणि दगडाचा कठीणपणा ८ असल्याने प्रत्येक घावातून ८ वजा होतात. म्हणजे फाशावर ६, ७ किंवा ८ पडले तरच अनुक्रमे १, २ आणि ३ टवके उडणार, बाकीचे घाव वाया. भिंत जागची हलत नसल्याने नेम चुकण्याचा प्रश्न मी काढून टाकला. हिशेब सुमारे १२० घावांचा, सहा सेकंदांच्या फेरीप्रमाणे बारा मिनिटांचा, निघाला आणि तो मला पटला.

तेवढे घाव प्रत्यक्ष टाकत बसण्यापेक्षा बारा मिनिटे गृहीत धरून, आवाज होतो म्हणून दर तीन मिनिटांनी मी सहा बाजूंचा फासा टाकायचा आणि १ आला तर पलीकडे कोणीतरी सावध झाले, असे ठरले. जादूगाराने वस्तू फोडणाऱ्या 'शॅटर' मंत्राचा प्रस्ताव मांडला. त्याचे सरासरी नुकसान १३ च्या आसपास, म्हणजे आठ वजा जाता पाच-सहा पॉइंट्स, आणि आवाज मात्र कानठळ्या बसवणारा. त्याने स्वतःच तो मागे घेतला.

तिसऱ्या वेळी १ पडला. भिंत कोसळली तेव्हा गॉब्लिनांनी पलीकडे टेबले आणि फळ्या रचून आडोसा केला होता. ड्वॉर्फने हातोडा पुन्हा उचलला आणि विचारले, "लाकडाचा कठीणपणा किती?"

"पाच," मी म्हणालो.