टेराचीनाचं देऊळ आणि मधलं स्टेशन

इटलीतल्या टेराचीना गावच्या डोंगरावरच्या रोमन देवळाबद्दल लिहिणारे वरून दिसणाऱ्या समुद्राबद्दल भरभरून लिहितात. तिथं पोचायचं कसं, हे मात्र कुणी धड सांगत नाही. म्हणून हे लिहितेय.

रोमहून प्रिव्हेर्नो-फोसानोव्हा स्टेशनापर्यंत रेल्वेने सुखात गेलो. तिथून टेराचीनाला जाणारा रेल्वेचा फाटा 2012 साली दरड कोसळल्यापासून बंद, आम्ही गेलो तेव्हाही बंदच होता. म्हणजे पुढे बस. बसमध्ये तिकीट मिळेना, ते तंबाखूच्या दुकानातून घ्यायचं. आणि दुकान दुपारच्या जेवणासाठी बंद! वेळापत्रकात शाळेच्या दिवसांच्या बस वेगळ्या, सुट्टीच्या वेगळ्या. आज कुठला दिवस धरायचा, हे विचारायला स्टेशनात माणूस नाही. एक बस आली. माझी बहीण सुटे पैसे हातात धरून दारात उभी राहिली, तरी ड्रायव्हरने मान हलवली आणि बस समोरून निघून गेली. आजही आठवलं की संताप येतो. परगावच्या माणसाने करायचं काय? दुकान उघडेपर्यंत उन्हात बसून राहिलो.

तेव्हा बसची जातायेताची दोन्ही तिकिटं रोममध्येच घ्या. रविवारी जाऊ नका, बस फार कमी असतात.

गावातून डोंगर चढून जाता येतं. उंची 227 मीटर, पण सावली नाही. पाणी भरपूर घ्या. खालून दिसणाऱ्या भव्य कमानी म्हणजे देऊळ नव्हे, देवळाचा चौथरा तोलून धरणारं बांधकाम आहे ते, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातलं. त्या कमानींच्या आतून चालताना सगळा शीण गेला. खुद्द देवळाचा जोत्याचा भागच उरलाय. 1894 च्या उत्खननात इथे शिशाची चिमुकली भांडी आणि टेबलखुर्च्या सापडल्या, अगदी भातुकली. त्यावरून काहींनी हे बाल ज्युपिटरचं, म्हणजे रोमन देवांच्या राजाच्या बालरूपाचं स्थान मानलं; काही अभ्यासक व्हीनस देवीचं म्हणतात.

हो, तिकिटांसारखंच महत्त्वाचं: खाली उतरल्यावर पिस्को मोंतानो हा कडा बघाच. रोमहून दक्षिणेला जाणारा प्राचीन आप्पियन रस्ता आधी या डोंगरावरून जायचा. रोमन बादशहा ट्राजनने समुद्राकाठचा हा कडाच उभा तासून खालून वाट काढली. किती फूट तासलं याचे आकडे खडकावर कोरलेत, सगळ्यात खाली 120. त्यासाठी तासभर हाताशी ठेवा, आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ डोंगर चढण्याआधीच विचारून घ्या.