तंजावर: मोठ्या देवळाच्या नैऋत्य कोपऱ्यात भेटलेले काका

आपल्याकडच्या सहलींच्या पत्रिकेत तंजावर नेहमी 'वाटेत' असतं. मदुराईहून निघायचं, मोठ्या देवळात तासभर घालवायचा, नंदीसमोर एकेक फोटो काढायचा आणि पुढच्या मुक्कामाला पळायचं. ज्या गावावर भोसल्यांनी 1670च्या दशकापासून 1855पर्यंत राज्य केलं, त्याला मराठी माणसाने तासभर द्यावा हे मला पटत नाही. आई आणि मी पौषात गेलो ते तंजावरलाच मुक्काम टाकायचा असं ठरवून. काय बघितलं, कसं जायचं हे लिहितेच. पण या प्रवासात लक्षात राहिलं ते देवळापेक्षाही देवळात भेटलेलं माणूस.

आधी जाण्याचं. मुंबई-पुण्याहून रेल्वेने चेन्नई गाठायचं आणि चेन्नई एगमोरहून रात्रीची उळवन एक्सप्रेस घ्यायची, सकाळी तंजावर. तुमची गाडी चेन्नई सेंट्रलला पोचत असेल तर एगमोर स्टेशन वेगळं आहे हे ध्यानात ठेवा, मध्ये पुरेसा वेळ हवा. विमानाने जायचं तर जवळचा विमानतळ तिरुचिरापल्लीचा, म्हणजे त्रिचीचा. तिथून तंजावर साठेक किलोमीटर, बस आणि रेल्वे दोन्ही भरपूर. मात्र त्रिचीच्या बस तंजावरच्या नव्या स्टँडवर सोडतात आणि तो गावापासून चांगलाच लांब आहे. रिक्षावाल्यांनी घेरलं तरी घाई करू नका, जुन्या स्टँडकडे जाणाऱ्या गावातल्या बस सारख्या सुटत असतात. जुना स्टँड, राजवाडा आणि मोठं देऊळ यांच्या मधल्या भागात खोली घेतलीत तर सगळं पायी होतं.

मोठं देऊळ म्हणजे बृहदीश्वर. राजराज चोळाने बांधलेलं, 1010 साली पूर्ण झालेलं, सुमारे 60 मीटर उंच विमानाचं, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराचं. दुपारी साधारण साडेबारा ते चार ते बंद असतं, म्हणून एकदा सकाळी आणि एकदा चारनंतर असं दोनदा जा. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि अंगणातली दगडी फरशी थंडीच्या दिवसांतही अकरानंतर पाय पोळते. जाड मोजे जवळ असू द्या. आईने ते नेले होते म्हणून ती निवांत फिरली, मी सावली शोधत उड्या मारत होते.

संध्याकाळच्या फेरीत आम्ही थेट नैऋत्य कोपऱ्यात गेलो. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातलं गणपतीचं देऊळ तिथे आहे आणि जवळच्या भिंतीवर भोसले घराण्याचा मराठी इतिहास कोरलेला आहे. सरफोजींनी 1803 साली तो कोरवून घेतला. ओळींमागून ओळी, दगडामागून दगड देवनागरी. येणारे लोक इथपर्यंत येऊन गणपतीला हात जोडून मागे फिरतात. आई शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळे ती भिंतीला अगदी नाक लावून अक्षरं लावत बसली. मोठ्याने वाचायची, अडायची, पुन्हा मागून सुरू करायची.

मागून आवाज आला, "वाचा अक्का, पुढं वाचा."

सत्तरीचे गृहस्थ, पांढरी वेष्टी म्हणजे तिकडचं धोतर, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात घडी केलेली कापडी पिशवी. मला वाटलं देवळातले कुणी असतील. तर ते तंजावरचेच मराठी निघाले, कालव्यांच्या खात्यातून निवृत्त झालेले आणि बऱ्याचदा संध्याकाळी देवळात येणारे. पूर्वज कधी आले ते सांगता येत नाही, पण घरात आजही मराठीच. बोलण्याची चाल तमिळ, 'ळ' ठणठणीत, मधेच एखादा शब्द असा की आमच्या पणजीच्या तोंडी असावा. त्यांना देवनागरी मात्र वाचता येत नव्हती. शाळा तमिळ आणि इंग्रजीतून झाली, घरची पत्रंसुद्धा मराठीच पण तमिळ अक्षरांत. इतकी वर्षं या भिंतीवरून जातोय, पण ती कुणी मोठ्याने वाचताना पहिल्यांदाच ऐकतोय, असं ते म्हणाले.

मग जोडी जमली. आई अक्षरं लावायची आणि नाव आलं की काका त्याचा धागा पकडायचे. मालोजी, शहाजी, एकोजी (म्हणजे आपले व्यंकोजी) इथपर्यंत आम्हीही होतो. त्यापुढे आमची शाळा संपली आणि त्यांची सुरू झाली. एकोजींनंतर त्यांचे मुलगे शहाजी, सरफोजी आणि तुकोजी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर बसले, हे त्यांना आजोबांकडून तोंडपाठ होतं. बोट फिरवताना ते दगडापासून बोटभर अंतर ठेवून फिरवायचे, चुकूनही टेकवायचे नाहीत. तुम्हीही टेकवू नका. रोज हात लागून कोरीव अक्षरं झिजतात. अक्षरं नीट वाचायची तर ऊन तिरपं असताना जा, डोक्यावरच्या उन्हात कोरीव काम सपाट दिसतं.

निघताना त्यांनी आम्हाला विमानाच्या उत्तरेकडच्या अंगणात नेलं. या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, असं कुठलाही गाइड तुम्हाला सांगेल. काकांनी समोर फरशीवर पसरलेली सावली दाखवली आणि म्हणाले, गाइडला पैसे द्या, पण आधी खाली बघा.

दुसऱ्या दिवशी जेवायला या म्हणाले. अनोळखी माणसाच्या घरी जावं का, हा प्रश्न दोन बायकांना पडतोच आणि पडायलाच हवा. आम्ही लॉजवर पत्ता सांगून ठेवला, घरी बहिणीला फोन केला, दिवसाउजेडी गेलो आणि रिक्षा दारापर्यंत नेली. हे सगळं काकांना सांगूनच केलं. त्यांना काही वाटलं नाही, उलट काकूंनी फोनवरून माझ्या बहिणीशीही बोलून घेतलं.

पानात डांगर होतं. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी, ते तिला डांगर पच्चडी म्हणतात. आईचं डांगर कांद्याचं, त्यांचं बिनकांद्याचं आणि बरंच पातळ. त्यावरून दोघींची जी चर्चा सुरू झाली ती मी आणि काका जेवून उठलो तरी चालूच होती. मुलगा बेंगळुरूला असतो. नात तमिळ आणि इंग्रजी बोलते, मराठी तिला समजतं ते 'जेवायला ये' एवढंच. काकू हे सांगताना हसत होत्या, काका नव्हते.

एक गोष्ट त्यांनी बोलता बोलता सांगितली, ती इथे मुद्दाम लिहिते. महाराष्ट्रातून काही लोक येतात, ओळख होते आणि पाचव्या मिनिटाला मोबाइल समोर धरून म्हणतात, "काका, तुमचं ते मराठी बोलून दाखवा ना." म्हणजे आम्ही काय पोपट? असं ते म्हणाले नाहीत, मी म्हणतेय. ते एवढंच म्हणाले की मग काय बोलावं ते सुचत नाही. तेव्हा तंजावरात कुणी मराठी भेटलं तर सरळ आपल्या मराठीत बोलायला लागा. सावकाश बोला, त्यांना आपला पुणेरी वेग झेपत नाही. रेकॉर्डिंग करायचंच असेल तर आधी विचारा आणि 'नाही' म्हणाले तर विषय सोडा. घरी बोलावलं तर फळं न्या. शिजवलेलं काही नेण्याआधी कांदा-लसणाचं विचारून घ्या.

राजवाड्यासाठी अर्धा दिवस ठेवा. मराठ्यांआधीच्या नायक राजांनी सुरू केलेला आणि मराठ्यांनी वाढवलेला हा वाडा आज थोडा विस्कटलेला वाटतो, तिकिटंही वेगवेगळ्या भागांची वेगळी. चोळकालीन कांस्यमूर्तींचं दालन चुकवू नका. सरस्वती महाल ग्रंथालयाबद्दल मात्र गैरसमज नको: सगळ्यांना बघायला मिळतं ते त्याचं छोटं संग्रहालय. आतली हस्तलिखितं आणि मोडी कागद अभ्यासकांसाठी आहेत, त्यासाठी आधी लिहून परवानगी घ्यावी लागते. सरफोजीराजांना वैद्यकाची आवड होती. डोळ्यांच्या रोग्यांवर केलेल्या उपचारांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं त्यांनी करवून घेतली होती, ती इथल्याच संग्रहातली. तुम्हाला मोडी येत असेल तर नुसतं संग्रहालय बघून परत फिरू नका, आधी पत्र पाठवून परवानगीचं बघा.

शेवटचा दिवस दारासुरमला दिला. ऐरावतेश्वराचं देऊळ बृहदीश्वरापेक्षा लहान आणि माझ्या मते कोरीव कामात सरस. कुंभकोणमच्या बसने जायचं, दारासुरम त्याच्या अलीकडेच लागतं. काकांनी बजावून सांगितल्याप्रमाणे आम्ही सामान बरोबरच नेलं. देऊळ बघून कुंभकोणमला गेलो, पितळी पेला-वाटीतली कॉफी प्यायलो आणि चेन्नईची रात्रीची गाडी तिथूनच धरली. उळवन कुंभकोणमला थांबते, त्यामुळे परत तंजावरला यायची गरज नाही. फक्त तिकीट काढताना चढण्याचं स्टेशन कुंभकोणम टाका.