क्राकूवची बैलगाडी, बैल सोडून

पोलंडमधल्या क्राकूवला चार दिवस होतो. मी बर्लिनला असतो, आप्पा पहिल्यांदाच आले होते म्हणून ट्रेनने घेऊन गेलो. पहिल्या दोन दिवसांत सगळे करतात तेच केलं. लिओनार्दोचं ते मुंगसासारखा प्राणी धरलेल्या बाईचं चित्र बघायला गेलो तर समोर नुसते वर केलेले मोबाईल. आप्पा म्हणाले, "अंबाबाईचं नवरात्रात पण यापेक्षा बरं दर्शन हुतंय." व्येलिच्काची मिठाची खाण झाली, तिथे त्यांनी गुपचूप भिंत चाटून बघितली. बास.

तिसऱ्या दिवशी पाऊस, छत्री हॉटेलवर, म्हणून समोर दिसलं त्या पोसेल्स्का रस्त्यावरच्या पुरातत्त्व संग्रहालयात घुसलो. खरं सांगायचं तर निव्वळ आडोसा म्हणून. ही इमारत आधी मठ होती, मग तुरुंग. आत गर्दी नाही, ढकलाढकली नाही. चार तोंडांचा दगडी देव बघितला, त्याला आप्पांनी सवयीने हात जोडले.

आणि मग ते मातीचं भांडं. ओंजळीत मावेल एवढं, बाहेरून काही रेघोट्या. मी पुढे गेलो. मागे वळून बघतो तर आप्पा काचेला नाक लावून उभे.

"अरे, ही गाडी हाय!"

मला चौकोन आणि गोल दिसत होते. ते काचेवर बोट ठेवून सांगायला लागले, हा साटा, ही चार चाकं, ही दांडी, पुढं दोन फाटे फुटलेत तिथं जू. "वरनं बघून काढलंय. माडीवरनं खाली बघितल्यागत." मी फोनवर शोधलं तर शब्दशः तेच! ब्रोनोचित्सेचं भांडं म्हणतात त्याला. क्राकूवपासून 50 किलोमीटरवरच्या त्या गावात 1974 मध्ये खोदकाम सुरू झालं, त्यात हे मिळालं. इ.स.पू. 3635 ते 3370 मधलं, चाकाच्या गाडीचं जगातल्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी एक. बाजूला झाड, पाणी, शेतांचे पट्टे असावेत अशा रेघा आहेत. गाडीच्या मधोमध पाचवा गोल आहे, तो धान्य ठेवायचं काहीतरी असेल म्हणतात. आप्पांचं मत: "स्टेपनी."

पण गंमत त्यापुढे आहे. हे भांडं हाताने घडवलेलंय, कारण त्या लोकांकडे कुंभाराचं चाकच नव्हतं! म्हणजे चाकाचं चित्र काढलंय आणि भांड्याला मात्र चाक लागलेलं नाही, गाडीला आधी मिळालं आणि कुंभार बसला वाट बघत. हे मी आप्पांना सांगितलं, त्यांना फारसं कौतुक नाही. त्यांची तक्रार वेगळीच.

"बैल कुठं हाईत?"

खरंच नाहीत. गाडी आहे, दांडी आहे, जनावर नाही. आपल्या नगर जिल्ह्यातल्या दायमाबादचा ब्राँझचा रथ, तोही 1974 सालीच सापडला, त्याला कसे दोन बैल जुंपलेत आणि मागे माणूस उभा आहे. मी वाचून दाखवलं की ब्रोनोचित्सेलाच गुरांची शिंगं मिळालीत आणि त्यांवर दोरी घासल्यासारखी झीज आहे. आप्पा विचारात पडले. "शिंगाला बांधायचे? बरोबर हाय की. हिकडच्या बैलास्नी वशिंड कुठं असतंय, मग जू अडकवायचं कशाला?" आयुष्यभर जू मानेवर बघितलेला माणूस, मला हे सात जन्मात सुचलं नसतं.

जाताना तिथल्या बाईंना त्यांनी मराठीतच सांगितलं, आमच्या वळिवड्याला तुमची माणसं राहायला होती, माझे वडील गाडीतनं भाजी घालायचे कॅम्पात. (वळिवडे कोल्हापूरजवळ, 1943 ते 48 पाचेक हजार पोलिश निर्वासित होते तिथे.) मी भाषांतर करायचा प्रयत्न केला, ते "वळिवडे" काही त्यांच्या कानाला कळेना, त्यांना वाटलं आम्ही टॉयलेट विचारतोय. बोट दाखवलं. गेलो.

चौथा दिवस शॉपिंग. पण त्या रात्री हॉटेलच्या पॅडवर आप्पांनी तीच गाडी काढली, वरून बघितलेली, पुढे दोन बैल. प्रत्येकाच्या पाठीवर एक गोल. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, "वशिंड. वरनं असंच दिसतंय."