लालबाग ते शिर्डी, व्हाया भांडुप

यंदा पालखीत जाऊ नकोस, असंच घरात सगळे म्हणत होते. ह्यांचं डायलिसिस आठवड्यातून 3 वेळा, दर खेपेला 4 तास. शेवटी धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, जा तुम्ही, मी नेतो दादाला." नणंदेने नवसाची आठवण केली. मी हो म्हटलं, पण नवस बोलले नाही.

सायनपर्यंत पाय हलके होते. पुढे एलबीएस मार्ग म्हणजे मेट्रोचे पत्रे, अंगावर येणाऱ्या बाइक आणि आमच्याच टेम्पोवर सिनेमाच्या चालीवरची साईंची गाणी. आवाज कमी करा म्हटलं, तर पोरं म्हणाली, "काकू, बाबांचंच लावलंय की!" बाबांचे कान शाबूत असतील, माझे गेले.

भांडुपला भर दुपारी टाच जमिनीला टेकेना. एका दुकानाच्या पायरीवर बसले. आत एक बाई साडीला फॉल लावत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "मोजा काढा." लिंबाएवढा फोड. तिने काडी ओढली, सुई धगीवर धरली आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली. दोऱ्याची दोन्ही टोकं तशीच लोंबत ठेवली. "ओढून काढू नका. पाणी दोऱ्यावाटे झिरपेल. आमच्या सासूबाई आळंदीपासून चालायच्या, त्यांचंच शिकलेय."

दोरा राणी कलरचा. समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं, त्याच्याच साडीचा!

ह्यांच्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून केलेल्या शिरेत, दर खेपेला 2 जाड सुया जातात आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसते. इथे मात्र टक लावून बघत होते. पैसे विचारले, तर म्हणाली, "फॉलचे घेते, फोडाचे नाही." सरबतही दिलं, जरा जास्तच गोड.

मुलुंड, ठाणे, पडघा, शहापूर. दिवस कुठला, ते पाट्या बघून कळायचं. कसाऱ्याच्या घाटात मात्र मी बाबांशी चक्क भांडले. वर्षानुवर्षं गुरुवार धरला, त्याचं हे फळ? सबुरी सबुरी म्हणजे किती? शेजारच्या आजींना वाटलं, नामस्मरण चाललंय. त्याही टाळी धरायला लागल्या. मग मलाच हसू फुटलं आणि उरलेला घाट कसा चढले, कळलं नाही. भांडायला हक्काचं कुणीतरी होतं, एवढं खरं.

इगतपुरी, घोटी, सिन्नर. दोरा तिथपर्यंत टिकला.

शिर्डीत रांग, घाम, धक्के. समाधीसमोर मागून रेटा आला, तेवढ्यात सांगून घेतलं: मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी 7 ची पाळी असते ह्यांची. गुरुवारी तुझ्याकडे गर्दी असते, ठाऊक आहे मला. तरी यायचं.