हिमनदीने सोडलेल्या शिळेचं वय काढताना

हिमाचलमधल्या लाहौलच्या चंद्रा खोऱ्यात, बातलच्या आसपास, हिमनदीने आणून टाकलेल्या शिळांना तोटा नाही. वय काढण्याजोगी शिळा मात्र शोधावी लागते, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो. हिमोढाच्या, म्हणजे हिमनदीने रचलेल्या दगडमातीच्या बांधाच्या, माथ्यावरची, किमान मीटरभर उंच, जमिनीत पक्की रुतलेली ग्रॅनाइटची शिळा हवी. उतारावरची नंतर घरंगळलेली असू शकते, कड्याखालची म्हणजे दरडच असू शकते. बुटकी शिळा हिवाळाभर बर्फाखाली राहते, मग वय कमी भरतं.

बर्फ हटून शिळा उघडी पडली, की अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे तिच्यातल्या गारगोटीत बेरिलियम-१०, म्हणजे बेरिलियमचा किरणोत्सारी प्रकार, साठू लागतं. ते किती साठलं यावरून शिळा किती वर्षं उघडी आहे, म्हणजेच तिचं वय, कळतं. समुद्रसपाटीला ग्रॅममागे वर्षाला जेमतेम चार अणू, इथल्या उंचीवर कितीतरी पट अधिक. चंद्रपूरजवळच्या इरईच्या तालचीर नावाच्या प्राचीन खडकांच्या थरांतही हिमनदीचे दगड आहेत, पण तिथे ही पद्धत चालत नाही. ते सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे, आणि बेरिलियम-१० चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं विघटून जायला लागणारा काळ, १४ लाख वर्षांच्या आसपास.

नमुना सपाट माथ्याच्या मधोमध घेतो, कडेला नाही. दोन ते पाच सेंटीमीटर जाडीचे, मिळून किलोभर तुकडे. आधीच्या बारीक भेगेत छिन्नी बसवली तर ग्रॅनाइट सुटतो. हाताने निघणारा पापुद्रा मात्र घेऊ नये. प्रत्येक तुकड्याची जाडी तिथेच मोजायची. गारगोटीची शीर भोवतालच्या दगडाच्या सेंटीमीटरभर वर उभी असेल, तर निदान तेवढा दगड झिजला हे नक्की. हिमनदीने घासून उठलेले ओरखडे शाबूत असतील तर झीज नगण्य. शेवटी दर ३० अंशांवर डोंगरांच्या क्षितिजाची उंची क्लायनोमीटरने, म्हणजे कोन मोजायच्या उपकरणाने, घेतो, कारण डोंगर जेवढं आकाश झाकतात तेवढे किरण कमी.

प्रयोगशाळेत दगड कुटून २५० ते ५०० मायक्रॉनचे कण चाळून घ्यायचे, मग हायड्रोक्लोरिक आणि पुढे सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्लाने पुन्हा पुन्हा धुवायचे. फेल्डस्पार हे ग्रॅनाइटमधलं ॲल्युमिनियमयुक्त खनिज जातं आणि पावसाबरोबर आलेलं बेरिलियमही. ॲल्युमिनियम जास्त दिसलं तर धुणं अपुरं राहिलं, पुन्हा सुरुवात. घाई इथेच नडते.

एका हिमोढावरून निदान पाच शिळा घ्याव्यात. आकडे विखुरले तर सरळ सरासरी काढू नये: उशिरा उघडी पडलेली शिळा तरुण दिसते, आणि आधीच कड्यावर उघडी राहून आलेली, म्हातारी.