तीन रंगांचा धूर आणि दुसरा सिलिंडर

माझा ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, बिनटर्बोचा, जुन्या यांत्रिक डिझेल पंपाचा. तासांचं मीटर माझ्याकडे येण्याआधीच बंद पडलेलं, म्हणून इंजिन किती झिजलंय याचा काही हिशेबच नव्हता. थंड असताना सेल्फ मारला की डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर यायचा. इंजिन तापलं की आयडलला, म्हणजे लोड नसताना हळू चालीत, निळसर झाक दिसायची, आणि नांगर जमिनीत गेला की काळे लोट निघायचे. ज्याने पाहिलं त्याने एकच सांगितलं, "रिंगा गेल्या, इंजिन उतरवा." पिस्टनभोवतीच्या, दाब अडवणाऱ्या रिंगा गेल्याच होत्या. पण त्या कशामुळे गेल्या हे शोधल्याशिवाय नव्या घातल्या असत्या, तर त्याही जुन्यांच्याच वाटेने गेल्या असत्या.

रंगांचा अर्थ बहुतेकांना पाठ असतो. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाण्याची वाफ. मला रंगापेक्षा वेळ जास्त उपयोगी पडली. थंड इंजिनातच येणारा आणि तापल्यावर जाणारा पांढरा धूर, त्याला कच्च्या डिझेलचा वास, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पुरेशी उष्णता तयार होत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा १६ ते १८ पट दाबली जाते, तिचं तापमान ५०० अंशांच्या वर जातं आणि त्यावर डिझेल पेटतं. दाब गळला की ही उष्णताच कमी पडते. वाफ असती तर धूर इंजिन तापल्यावरही राहिला असता आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत गेलं असतं. तसं काही नव्हतं, म्हणून हेड गॅस्केटवरचा, म्हणजे इंजिनाच्या हेडखालच्या सीलवरचा, संशय मी मागे ठेवला.

सुरुवात एअर क्लीनरपासून केली, कारण त्यासाठी इंजिन उघडावं लागत नाही. ऑइल बाथच्या, म्हणजे हवेतली धूळ ऑइलमध्ये पकडणाऱ्या क्लीनरच्या, वाटीत ऑइल कमी आणि चिखल जास्त होता. वाटी धुतली, जाळी डिझेलमध्ये खळबळून निथळवली आणि नवं ऑइल खुणेपर्यंतच भरलं. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ऑइल हवेबरोबर ओढतं, निळा धूर सोडतं, आणि फारच जास्त झालं तर त्या ऑइलवर स्वतःच पळत सुटतं. तेव्हा डिझेल बंद करून ते थांबत नाही, हवेचं तोंड झाकावं लागतं. झिजलेल्या इंजिनाची चाचणी करताना मी म्हणूनच एक जाड फळी जवळ ठेवायचो.

खरा पुरावा वाटीत नव्हता, वाटीच्या पुढे होता. क्लीनरपासून इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या रबरी नळीला क्लिपखाली चीर गेली होती, आणि नळीच्या आत बोट फिरवलं तर बारीक माती लागली. फिल्टरच्या पुढे माती म्हणजे इंजिनाने ती खाल्लेली आहे. नळी बदलली. काळा धूर कमी झाला, गेला मात्र नाही.

डिपस्टिकनेही मला काही काळ फसवलं. निळा धूर दिसत होता, पण ऑइलची पातळी त्या मानाने उतरत नव्हती. थेंब बोटांवर घेतला तर ऑइल पाण्यासारखं पातळ, आणि वास डिझेलचा. ऑइल जळत होतं आणि तेवढ्याच जागेत डिझेल उतरत होतं, म्हणून काठीवर सगळं ठीक दिसत होतं. अशा ऑइलवर ऑइल प्रेशर मोजण्यात अर्थ नसतो. आधी ऑइल आणि फिल्टर बदलला, इंजिन पूर्ण तापवलं आणि यांत्रिक गेज लावून आयडलला आणि वरच्या फेऱ्यांना दाब पाहिला. तो मॅन्युअलमधल्या हद्दीत निघाला. म्हणजे क्रँकच्या मेन आणि बिग एंड बेअरिंगवर लगेच शंका घ्यायचं कारण नव्हतं.

मग दोषी सिलिंडर शोधायचा. इंजिन आयडलला ठेवून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करायचा, म्हणजे तेवढ्याच सिलिंडरचं डिझेल तुटतं. यात एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. त्या पाइपमधला दाब १५० बारच्या पुढचा असतो आणि बारीक धार कातडी भेदून आत जाते. तसं झालं तर जखम किरकोळ दिसते, पण थेट हॉस्पिटलच गाठावं लागतं. नटावर जाड कापड, डोळ्यांवर चष्मा, आणि हात कधीही धारेसमोर नाही, एवढं पाळलं. पहिला आणि तिसरा तोडला की इंजिन स्पष्ट बसायचं. दुसरा तोडला तर फेऱ्या जवळपास तेवढ्याच, आणि थंड इंजिनात पांढरा धूर त्याच क्षणी थांबायचा.

सिलिंडर सापडला, पण खोट नोझलमध्ये की कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे हवेच्या दाबात? दुसऱ्याचं नोझल तिसऱ्यात आणि तिसऱ्याचं दुसऱ्यात घातलं, खालचे तांब्याचे वॉशर नवे टाकून. मला वाटत होतं की लक्षण एक तर जागेवर राहील किंवा नोझलबरोबर सरकेल. झालं दोन्ही. थंडपणीचा मिस (सिलिंडर न पेटणं) आणि पांढरा धूर दुसऱ्यातच राहिला. लोडवरची ठकठक आणि काळा धूर मात्र नोझलबरोबर तिसऱ्यात गेला, तिसऱ्याचा नट सैल केला की ठकठक बंद. एकाच सिलिंडरमध्ये दोन दुखणी होती आणि आजवर ती एकत्रच दिसत होती. तिन्ही नोझल टेस्टिंगला दिली तेव्हा मुळात दुसऱ्यात असलेल्या नोझलमधून फवारा येण्याऐवजी डिझेल टिपकत होतं. टिपकणारं डिझेल लायनरवरचा, म्हणजे पिस्टन ज्या नळीत फिरतो तिच्यावरचा, ऑइलचा थर धुऊन टाकतं आणि खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळ ऑइलचं कोडं तिथे सुटलं, दुसराच सिलिंडर जास्त का झिजला हेही.

कॉम्प्रेशन मोजण्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्वचे गॅप, तपासले, कारण गॅप नसलेल्या व्हॉल्वमुळेही दाब असाच गळतो. एक थोडा घट्ट होता, तो लावला. मग इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, तिन्ही नोझल बाहेर, पंपाचं स्टॉप ओढलेलं, आणि डिझेलसाठीचं गेज. पेट्रोल इंजिनाचं गेज इथे चालत नाही, दाब त्याच्या काट्याबाहेर जातो. आकडे आले २६, १८ आणि २५ बार. नुसत्या आकड्यापेक्षा तिघांतली तफावत महत्त्वाची. मिस्त्री म्हणाले, "थोडं ऑइल टाकून परत घेऊ." मी नको म्हटलं. डिझेलच्या पिस्टनवर वरच्या टोकाला जागाच इतकी थोडी उरते की चमचाभर ऑइलनेही ती आणखी आकसते आणि आकडा उगाच चढतो.

त्याऐवजी दुसऱ्याचा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणून, इंजिन फिरू नये म्हणून गिअर आणि ब्रेक लावून, नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. सायलेन्सर शांत, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व बरा. इनटेक शांत. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. ऑइल भरायच्या झाकणाशी कान नेला तर सरळ फुस्स, म्हणजे हवा रिंगांवरून खाली गळत होती. आता मात्र मीच म्हटलं, "मिस्त्री, उघडा."

हेड आणि चेंबर (खालची ऑइलची टाकी) उतरल्यावर लायनरच्या वरच्या टोकाला नखाला अडकेल एवढी कड होती. वरची रिंग जिथे दिशा बदलून खाली वळते तिथेच झीज सगळ्यात जास्त होते, आणि हवेतून आलेल्या मातीची झीज तर बहुधा वरूनच सुरू होते. दुसऱ्याची वरची रिंग कार्बनने खाचेत अडकली होती. ती सोडवून लायनरमध्ये सरळ बसवली आणि फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी टोकांमधली फट पाहिली, २ मि.मी.हून जास्त. १०० मि.मी. बोअरला नव्या रिंगेची फट साधारण ०.३ ते ०.४ मि.मी. असते. नुसत्या रिंगा टाकून स्वस्तात निभावायचा विचार इथे संपला. पिस्टनची खाचही रुंद झाली होती, आणि सैल खाचेत नवी रिंग वरखाली हलत ऑइल वर चढवत राहते. तिन्ही लायनर, पिस्टन आणि रिंगांचे संच बदलले. लायनर ब्लॉकच्या वर किती उभे राहतात ते डायल गेजने मॅन्युअलप्रमाणे पाहिलं. हे मोजमाप अनेक जण सोडतात आणि मग हेड गॅस्केटला दोष देतात. बिग एंड उघडलेच होते, त्यांच्या शेलवर (बेअरिंगच्या पत्र्यांवर) मातीचे बारीक ओरखडे दिसले, म्हणून शेलही नवे टाकले. क्रँक मोजला, तो चांगला होता, त्याला हात लावला नाही.

नव्या रिंगा बसवताना इंजिन तासन्‌तास आयडलला ठेवायचा सल्ला अजूनही मिळतो. तो मी ऐकला नाही. हलक्या चालीत रिंगांवर मागून पुरेसा दाब येत नाही, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि इंजिन पुन्हा ऑइल प्यायला लागतं. सुरुवातीपासून मध्यम, कमीजास्त होणारं लोड दिलं आणि पहिलं ऑइल लवकर बदललं. थंड असताना सुरू करताना पांढरी फुंकर अजून येते, पण इंजिन लगेच तिन्ही सिलिंडरवर चालतं. निळा धूर गेला. नांगराला लोड आल्यावर हलकी करडी छटा दिसते आणि डिझेल कमीजास्त करणारा गव्हर्नर सावरला की ती निवळते. एवढं या पंपाला चालायचंच. ऑइल किती घातलं ते आता वहीत लिहितो, आणि पातळीबरोबर ऑइलचा वासही घेतो.