तोळाभर हवा

पेट्रोल पंपावरच्या हवा भरायच्या यंत्राने नाणं गिळलं, घशात काहीतरी अडकल्यासारखी घरघर केली आणि पडद्यावरचे आकडे लगेच उलटे मोजायला घेतले. मी अजून पहिल्या चाकापाशी उकिडवी बसून व्हॉल्व्हची टोपी काढत होते. ती नेमकी आजच हट्टाला पेटलेली. नळीचं वेटोळं सोडवायला गेले तर ते माझ्याच पायात. पेट्रोल भरताना माणूस कसा निवांत उभा राहतो! इथे पैसेही द्यायचे आणि भर दुपारी गाडीला प्रदक्षिणाही घालायच्या.

त्यात माझी एक खोड. ज्या चाकाची टोपी त्याच चाकाला गेली पाहिजे. चारही टोप्या काळ्या, प्लास्टिकच्या, एकाच साच्यातून पडलेल्या. त्यांना आपापलं चाक आठवत नसणार हे मला कळतं. तरी एकाची टोपी दुसऱ्याला लागली तर घरी पोहोचेपर्यंत कुणाचं तरी सामान चुकून उचलून आणल्यासारखं वाटत राहतं. म्हणून एक टोपी काढायची, दातात धरायची (हो, दातात, खिशात टाकलेली टोपी मला आजवर वेळेवर सापडलेली नाही), हवा भरायची, तीच परत लावायची आणि मग पुढच्या चाकाकडे वळायचं. शहाणी माणसं आधी चारही टोप्या काढून ठेवतात आणि मगच नाणं टाकतात. शहाण्या माणसांबद्दल मला आदर आहे.

चिडलेला माणूस हिशेब फार करतो. घरी येऊन मी केला. गाडीच्या टायरच्या पोटात साधारण तीस लिटरची जागा असते. माझ्या टायरमध्ये हवेचा दाब ३२ ऐवजी २८ पीएसआय होता, म्हणजे चारची भर. ती बाहेरच्या मोकळ्या हवेत मोजली तर आठेक लिटर. लिटरभर हवेचं वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका चाकात गेली जेमतेम दहा ग्रॅम. तोळाभर हवा! सोनार तोळाभर माल देताना निदान बसायला खुर्ची तरी देतो. आणि त्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजन, जो काही ठिकाणी वेगळे पैसे घेऊन खास म्हणून भरून देतात.

बरं, यंत्राची बाजू मला समजत नाही असं नाही. कॉम्प्रेसर फुकट येत नाही, वीज फुकट येत नाही. नळीवरून गाड्या जातात, दाब मोजायचं गेज लोक हातातून सोडतात ते थेट फरशीवर. हवा फुकटच आहे, पैसे पडतात ते ती दाबून बसवायचे. तरीही जीव कुरकुरतो, आणि एकट्या माझाच नाही. कॅलिफोर्नियात तर कायदाच आहे की पंपावर इंधन घेणाऱ्याला हवा आणि पाणी फुकट द्यायचं. कायदा होईपर्यंत कुरकुरणारी माणसं मला फार जवळची वाटतात.

आपण त्या सगळ्या जागेलाच पंप म्हणतो ही एक गंमत. माझ्यासाठी पंप म्हणजे अजूनही दादाचा तो सायकलचा पंप.

घरात सायकल एक, पंप एक, आणि दोन्ही दादाच्या ताब्यात. सायकलवर एक फेरी हवी असेल तर शंभर वेळा पंप मारायचा, हा त्याचा दर. पंपाच्या खालच्या लोखंडी पट्टीवर दोन्ही पाय रोवायचे. दांडा वर ओढला की माझ्या हनुवटीपर्यंत यायचा आणि खाली दाबला की त्याच्याबरोबर अख्खी मी खाली. वायसर सुकला असेल तर दांडा नुसताच वरखाली, हवा कुठेच नाही. मग दादा तो कातडी वायसर काढून त्यावर तेलाचे थेंब सोडायचा, कानात औषध घालतात तसे, मान तिरकी करून. पन्नाशी ओलांडली की नळकांडं तापायचं. मला वाटायचं ते माझ्या मेहनतीने तापतं. पुढे शाळेत शिकवलं की दाबली की हवाच तापते. म्हणजे माझंच बरोबर होतं, फक्त मेहनतीचं नाव पुस्तकात आलं नव्हतं.

शंभर झाले की दादा टायरवर अंगठा दाबायचा. चेहरा वैद्याने नाडी पाहावी तसा.

"अजून," म्हणायचा.

"शंभर झाले की!"

"टायरला कुठे मोजता येतं? अजून."

शेवटी तो थुंकी लावलेलं बोट व्हॉल्व्हच्या तोंडावर फिरवायचा आणि आम्ही दोघं श्वास धरून बघायचो, बुडबुडा येतो का. नाही आला की फेरी माझी. लूट होती सगळी. पण त्या लुटारूने टायर अर्धा असताना कधी "वेळ संपली" म्हटलं नाही.

हवेवर मालकी सांगायची हौस तशी जुनीच. बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीचे हादरे कमी व्हावेत म्हणून चाकांना हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ साली तिचं पेटंट घेतलं. नंतर निघालं की रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या माणसाने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेऊन ठेवलंय. डनलॉपचं पेटंट रद्द झालं. हवा निघून जाणं म्हणतात ते हेच असावं.

तर मी, तिसरं चाक. दातात टोपी, एक डोळा गेजवर, एक डोळा उलट्या आकड्यांवर. खरं तर हवा बघायची ती टायर गार असताना. पंपापर्यंत येईतो ते तापतात, आतला दाब चढतो, म्हणजे मी जिवाच्या आकांताने गाठत होते तो आकडाही थोडा खोटाच. पण अशा वेळी विज्ञान सुचत नाही. तिसरं झालं, टोपी लावली, नळी ओढत चौथ्याकडे गेले. पुढचं, डावं. टोपी काढली, नळी टेकवली, गेजचा काटा जरासा हलला आणि यंत्र गप्प झालं.

पर्स धुंडाळली. नोटा होत्या, कार्ड होतं, नाणं नव्हतं. आणि हे यंत्र फक्त नाणं खाणारं. मग इकडेतिकडे बघून, कुणी पाहत नाही अशी खात्री करून, मी टायरवर अंगठा दाबला. गाडीचा टायर तो, तसूभरही दबला नाही. अंगठ्याला काहीच कळलं नाही.

गाडी सध्या किंचित डावीकडे ओढते. मी स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरून चालवते. टोपी मात्र त्याच चाकाची लावलीय.